शेवंताच्या कानातला बाजार

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. शाळेत मुलांना विज्ञान शिकवतो. तरी लिहितोय... दहा वर्षं दाबून ठेवलं, आता पेलवत नाही.

शेवंता माझी धाकटी बहीण. लहानपणापासून तिचे कान वाहायचे. लसणाचं तेल झालं, कांद्याचा रस झाला. पडदे फाटले ते फाटलेच. विशीत कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येईना. तरी श्रीगोंद्याकडचं एक स्थळ आलं. "थोडं कमी ऐकते" एवढंच आम्ही सांगितलं होतं.

मुलाचे मामा मला काष्टीच्या बैलबाजारात भेटले. आई अंथरुणाला खिळलेली, माझ्या बायकोनं आधीच हात वर केलेले. शेवंता गेली तर आईचं कोण करणार? मी मामांना बाजूला घेतलं. "कान वाहतो तिचा. शेजारी बसवत न्हाई एवढा वास येतो. नका नेऊ."

स्थळ मोडलं. घरी सांगितलं — पत्रिका जुळली नाही. मी हे बोललो तेव्हा शेवंता सात कोसांवर घरी आईला भरवत होती.

पुढं १९७१ साली नगरच्या एका दवाखान्यात तिच्या उजव्या कानाचं ऑपरेशन झालं. कानामागची पातळ झिल्ली काढून फाटक्या पडद्याला लावायची. फक्त कान बधिर केलेला, शेवंता जागी होती. शेवटी डॉक्टरांनी मला दाराशी उभं केलं. "ऐकू येतं का बघायला ओळखीचा आवाज हवा. हळू हाक मारा."

मी पुटपुटलो, "शेवंते..."

हिरव्या कापडाखालून ती सपाट आवाजात बोलू लागली — "ए, खोंड सुटलं! धरा त्याला!... कान वाहतो तिचा. शेजारी बसवत न्हाई एवढा वास येतो. नका नेऊ."

डॉक्टर हसले, "हे खोंड कुठून आलं हो?"

मामांशी बोलताना खरंच एक खोंड दावं तोडून पळालं होतं. मी स्वतः ते विसरलो होतो.

डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनच्या गुंगीत पेशंट बरळतात. बरळतात, मान्य... पण माझं वाक्य? शेवंताला विचारलं तर म्हणाली, "म्या कवा बोलले? मला तर पहिली तुझीच हाक ऐकू आली, दादा." मामांनी सांगितलं असेल म्हणून त्यांच्या गावी गेलो. ते म्हणाले, "घरी बी कारण सांगितलं न्हाई, गुरुजी. पोरीची बदनामी तुमी केली तेवढी पुरं."

स्वतःचाच संताप येतो. तिला खरं सांगायला तोंड उघडत नाही. आई गेली. शेवंताला आता तापत्या दुधाची सळसळसुद्धा ऐकू येते. लग्नाचं वय मात्र निघून गेलं.

बाजारातून आलं की इतरांच्या बहिणी विचारतात, काय आणलं. माझी दारातच विचारते, "दादा, आज कुणाशी काय बोललास?"

मी पिशवी ठेवतो आणि पाय धुवायला जातो.