चेरीतली चपटी बी

जूनचा पहिला रविवार. हजर: मी, आमचे हे आणि यांची मोठी बहीण, म्हणजे लकडगंजच्या ताई. टेबलावर लोणच्याची करवंदं, सुरी आणि ताईंनी आणलेली चेरीची बरणी.

आधी या बरणीचं सांगते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला यांच्या पायाचा अंगठा सुजला. तपासलं तर युरिक ॲसिड वाढलेलं, आणि साखरही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड बंद केलं. जाता जाता म्हणाले, "फळांमध्ये चेरी खा थोडी. युरिक ॲसिडला बरी असते."

यांनी हे ताईंना फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी ताई इतवारीच्या बाजारातून सुटी चेरी तोलून घेऊन, घरच्या बरणीत भरून हजर. केकवर असते तीच, लालभडक. आमच्या घरात चेरी म्हणजे हीच. पानात, आइस्क्रीमवर, लग्नाच्या जेवणातल्या फ्रूट सॅलडमध्ये हीच पाहिलेली. कोणती चेरी, झाडावरची का, हे विचारावं असं कुणाला सुचलं नाही, डॉक्टरांनाही नाही. जेवणानंतर हे औषधासारखी चमचाभर खात. मी तिची कोशिंबीर करू लागले. घट्ट दही, चेरीचे तुकडे, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. चिमूटभरही साखर न घालता इतकी गोड व्हायची की मी कृती लिहून मैत्रिणींना पाठवली.

महिन्यानं पुन्हा रक्त दिलं. साखर आणखी वर. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी खाली आली नाही तर इन्सुलिन. सुईचं नाव निघताच हे खुर्चीत मागे सरकले.

घरी आल्यावर यांनी शपथ घेतली, गोडाला हात लावलेला नाही. मी शपथेवर विश्वास ठेवत नाही, तपासून पाहते. यांचे खिसे पाहिले. डब्यातल्या पोळ्या परत येतात का पाहिलं. ऑफिसात कुणाचा वाढदिवस कधी असतो ते विचारून घेतलं. संध्याकाळच्या फिरण्याचा रस्ताही पाहिला.

"तुम्ही रोज त्या चौकातच काहून वळता?"

"मग काय नाल्यात वळू?"

"तिथं जिलेबीवाला बसतो."

"तिथं औषधाचं दुकानही आहे. त्याचा संशय येत नाही तुला?"

आता तो रविवार. मी करवंदं चिरून सुरीच्या टोकानं बिया काढत होते.

"बिया काहून काढून राहिली वं?" ताई म्हणाल्या. "आम्ही तं अशीच टाकतो."

"दाताखाली येतात, ताई."

तेवढ्यात हे चेरी चावता चावता थांबले आणि तोंडातून काहीतरी काढून माझ्या ताटलीच्या काठावर ठेवलं. "ताई, तुझ्या चेरीतही बी निघाली वं."

बारीक, चपटी बी. माझ्या ताटलीत तशाच बियांचा ढीग होता. हिचा रंग तेवढा लाल.

मी मूठभर चेरी वाटीत घेऊन कोमट पाणी ओतलं. बघता बघता पाणी सरबतासारखं झालं. फळं फिकी पडली. प्रत्येकाच्या कुशीत चीर होती, मी करवंदाला देते तशीच. एक चावून पाहिलं. आधी पाक, मग पुन्हा पाक, आणि अगदी शेवटी करवंदाची पुसटशी आठवण.

"म्हंजे मी भावाले औषध म्हणून पाक चारून राहिली होती?" ताई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"आणलात तुम्ही, वाढला मी."

हे मात्र खुशीत. "आणि झडती माझी! खिसे तपासले हिनं ताई, खिसे!"

"काही निघालं नाही काय गा?"

"काही नाही."

"मंग तपासले तं काय बिघडलं?"

दुसऱ्या दिवशी मी खऱ्या चेरीसाठी बाजारात गेले. हिमाचलची पेटी, वरचा थर देखणा. वरच्या थरावर माझा कधीच भरवसा नसतो, म्हणून पेटी उलटी केली.

"मॅडम, चेरी हाय, आलू नोहे," फळवाला ओरडला.

खालच्या थरात निम्म्या मऊ निघाल्या. दुसरी पेटी घेतली. घरी एक चिरून पाहिली. आत एकच बी, गोल, टणक, वाटाण्याएवढी. तेव्हा कुठे पटलं.

मग डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ताज्या चेरीत तंतू असतात, पोटॅशियम असतं, थोडं क जीवनसत्त्व असतं. तिच्या गडद रंगात सूज कमी करणारं काही असतं असं म्हणतात. पण फळाची म्हणून साखर तिच्यातही आहेच. तेव्हा एका वेळी लहान वाटीभर, आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत. हे शेवटचं मी फोन स्पीकरवर टाकून यांना ऐकवलं.

धुतलेला केसांचा आकडा देठाकडून घातला की बी सहज निघते. कोशिंबीर आता लिंबू, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून करते. पूर्वीइतकी गोड लागत नाही, तेच बरं. हिरवी मिरची आणि आलं घालून वाटलेली चटणी भाकरीबरोबर छान लागते. वरणात चिंचेऐवजी चेरी घालून पाहिली, ते कुणी खाल्लं नाही. मुरंब्याच्या वाटेला गेले नाही. मैत्रिणींना कृतीची दुरुस्ती पाठवली.

राहिली तपासणी. सगळा दोष त्या बरणीचा, हे निर्दोष, असं यांचं म्हणणं. बरणी बंद होऊन आता बरेच दिवस झाले. उपाशीपोटी रक्त दिलं की कळेलच. परवा हे विसरून चहा प्यायले. काल वेळेवर जाग आली नाही. आज मी लवकर उठून स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर यांचा कप विसळून पालथा घातलेला. लग्न झाल्यापासून या माणसानं कप विसळलेला मी पाहिलेला नाही.

कप उचलून वास घेतला. चहाच होता. साखर होती की नाही ते कपावरून कळत नाही. रक्त अजून द्यायचंच आहे.