‘आज नाही’ सांगणारे मामा

पाणी सोडायचं नसे त्या दिवशीही चावीवाले मामा वस्तीत यायचे. खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एकच हाक, "आज नाही वं बायाहो, आज नाही!" अकोल्यातल्या आमच्या वस्तीत नळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो, वेळ ठरलेली नाही. पण ‘नाही’ सांगायला कुणी एवढी पायपीट करतं का? मी विचारलं, तर म्हणाले, "माणूस चूप बसला का लोकायले वाटते, मेला."

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली. बाबांनी जमवलेले गठ्ठे घरभर, आणि माझ्या मते प्रत्येक अन्यायावर उपाय एकच : छापा आणि वाटा. नळाच्या वाटेवर डोळे लावून आई कापसाच्या जिनिंगमधले कामाचे दिवस बुडवायची. आणखी एक खाडा झाला तर येऊ नको, असं मुकादमाने बजावलं होतं. मी तडक पत्रक लिहिलं. मामांनी ते व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी उभं राहून शेवटपर्यंत वाचलं. "झकास लिहिलं. पन पोरी, हे वाचून तुह्या मायले कयते का, पानी कवा येते?"

राग आला. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते, त्याच रागात प्रोग्राम लिहायला बसले. साधं वेब पान विचारल्याशिवाय बोलत नाही. वेब सॉकेटमध्ये जोडणी उघडीच राहते आणि सर्व्हर आपणहून कळवतो. मामांनी आपल्या फोनवर बटण दाबलं की सगळ्यांच्या फोनवर ‘पाणी आलं’.

"म्हंजे पाइप भरूनच रायते, तोटी उघडली का धार?" मामांचे डोळे चमकले. "अन् हा सर्व्हर कुठी हाये? त्याले पाहाले जाता येते का?" एवढ्या कुतूहलाने मला कॉलेजात कुणी काही विचारलं नव्हतं.

लॅपटॉपवर सगळं सुरळीत चाललं. भाड्याच्या सर्व्हरवर चढवलं, वस्तीला लिंक दिली आणि आई माझ्या भरवशावर कामाला गेली. त्याच सकाळी मामांनी बटण दाबलं. एकाही फोनवर काही आलं नाही. नळ येऊन गेला, आमचा ड्रम कोरडा. आई एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळेले मी घरीच रायतो."

दोन दिवस शोधल्यावर चूक सापडली. सर्व्हरच्या दारावर आणखी एक प्रोग्राम असतो. मिनिटभर कुणी बोललं नाही, की तो जोडणी तोडून टाकतो. लॅपटॉपवर हा दरवान नव्हताच. आमचा नळ तर चार-चार दिवस गप्प! मामांना सांगितलं, तर ते हसतच सुटले. "मंग त्याले सांग ना, आज नाही! मी काहून फिरून राहिलो इतके वर्स?"

सर्व्हर दर अर्ध्या मिनिटाला प्रत्येक फोनला गुपचूप ‘आज नाही’ म्हणू लागला. "अन् समोरून हुंकार?" ही भरही मामांचीच. प्रत्येक फोन उलट ‘हाव’, म्हणजे ‘हो’, म्हणतो. जो म्हणत नाही, तो जोडलेल्या फोनांच्या यादीतून गळतो. पुढच्या खेपेला मी गळ घातली म्हणून आई कामावर होती. तिच्या फोनवर निरोप आला, तिने शेजारच्या काकूंना सांगून ड्रम भरून घेतला. खाडा झाला नाही.

निवृत्तीनंतर मामा मुलीकडे धामणगाव रेल्वेला गेले. आमच्या नळाशी आता त्यांचा काय संबंध? तरी यादीत त्यांचा फोन कायम. "खिडकीत चार्जिंगले लावून ठेवला," म्हणाले, "पाहून राहिलो, तुमी चालू हा का नाही."

यंदा उन्हाळ्यात मामा वारले. त्यांची मुलगी फोन अजून खिडकीत लावून ठेवते. कामावर निघताना आई दारात थांबून विचारते, "मामाचा हाव आला का वं?"

मी यादी बघते. "आला," म्हणते, आणि ती चपला घालते.