विमलच्या हातांचा वास

आषाढातली नवमी जवळ आली की आमच्या गल्लीत दुपारपासूनच कांद्याचा वास दरवळू लागतो. चातुर्मास लागायच्या आत घरातला कांदा संपवायचा म्हणून कुणाकडे भजी, कुणाकडे थालीपीठं, कुणाकडे नुसताच झुणका. आणि ओल्या, जड हवेत तो वास वर न जाता भिंतींना, दोरीवरच्या न वाळलेल्या कपड्यांना धरून बसतो. इतरांना त्या वासाने भूक लागते. मी खिडकी लावून घेतो. वयाबरोबर माझं नाक नाजूक झालं, असा बायकोचा समज आहे आणि तो मी तसाच राहू दिला आहे. मला त्या वासाबरोबर एक एसटी आठवते, तिच्या काचांवरून ओघळणारं गढूळ पाणी आठवतं, आणि मांडीवर दोन्ही हात उताणे ठेवून बसलेली विमल आठवते.

सत्तरनंतरच्या त्या वर्षांत मी रिसोडच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. दुष्काळ नुकताच मागे पडला होता, ज्वारी-कपाशीच्या शेतांवर पुन्हा हिरवा रंग चढत होता, आणि तरी गावाच्या चेहऱ्यावर एक दमलेपण राहून गेलं होतं. मॅट्रिक झालेली मुलं बापाच्या दुकानात किंवा वखरामागे नाहीशी होत. नागपूरला विज्ञानाचं एक नामांकित महाविद्यालय होतं. डॉक्टरकीची वाट तिथून सुरू होते असं आमच्याकडे मानत. तिथे नुसत्या गुणांवर प्रवेश नसे. यादीत नाव लागलं की बोलावणं येई, मग प्रयोगशाळेत उभं करून एखादा प्रयोग करायला लावीत, चार प्रश्न विचारीत आणि त्याच दुपारी निवडलेल्यांची नावं फळ्यावर लावीत. आमच्या शाळेतली मुलं त्या टेबलापाशी पोचावीत, एवढी एकच हौस मला होती. हेडमास्तर चेष्टेने म्हणत, ‘‘सर, तुमी काय इथं नागपूर उभं करून राह्यले का?’’

शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, आणि त्याला दिवा नव्हता. आरशात ऊन धरून ते खालून काचपट्टीवर सोडावं लागे. म्हणून आमची शिकवणी सकाळी, पूर्वेच्या ओसरीवर, शाळा भरण्याआधी. कोवळं, तिरपं ऊन फरशीवर सरकत येई आणि मुलं त्याच्यामागे टेबल सरकवत जात. विमलचा हात त्यात सर्वांत चांगला होता. आरसा एवढासा कलता करून ती उजेड असा पकडायची की डोळा लावताच सगळं वर्तुळ भरून निघे. ‘‘धरलं, सर,’’ असं ती हळूच म्हणायची, आणि त्या क्षणी तिच्या गालावरही त्या आरशाचा एक ठिपका थरथरत असे.

विमल भाऊशेठांची मुलगी. बाजारपेठेत त्यांचं किराणा दुकान होतं आणि जैन समाजात त्यांचं घर फार कडक मानलं जाई. मावळतीनंतर अन्नपाणी नाही, पाणी उकळून गाळलेलं, आणि जमिनीखाली वाढणारं काही उंबरठ्याच्या आत येत नसे. एका कांद्यात अनंत जीव असतात आणि एका सुरीने ते सगळे जातात, हे विमल लहानपणापासून ऐकत आली होती. पेशी बघायची तर पुस्तकात पहिला प्रयोग कांद्याच्या पापुद्र्याचा. मी तिच्यासाठी शाळेच्या विहिरीपाशी वाढलेल्या पानफुटीची पानं आणायचो. त्यांचीही साल सुरेख सुटते. आणि देठाचे काप घ्यायचे तर तेरडा होताच.

‘‘तिथं कांदा दिला तर?’’ मी एकदा विचारलं होतं, आणि घरून एखादा आणून दाखवायची तयारीही दर्शवली होती.

‘‘आज नाई, सर,’’ ती म्हणाली. ‘‘लावाच लागला तं तिथं एकदाच लावीन हात. दोनदा कायले?’’

त्या बोलण्यात एवढा विचार होता की मला पुढे आग्रह करवेना. वडिलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी एकदाच संधी दिली होती: नागपूरला निवड झाली तर मावशीकडे राहून शिकायचं, नाही तर मेडशीच्या दुकानदाराच्या मुलाला होकार द्यायचा. ते लोक तिला बघून गेले होते, त्यांना ती पसंत होती. भाऊशेठ वाईट नव्हते. एवढी मोकळीक त्या पेठेत दुसऱ्या कुणी आपल्या मुलीला दिली नव्हती.

आम्ही तिघं नागपूरला गेलो त्या दिवशी आभाळ भरून होतं. प्रयोगशाळेच्या उंच खिडक्यांतून राखाडी उजेड येत होता, आणि बाहेर कडुलिंबाखाली उभा असलेला मी मनातल्या मनात तिच्यासाठी ऊन मागत होतो. भाऊशेठ शेजारच्या ओट्यावर डोळे मिटून बसले होते. ओठ हलत होते. विमल बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि हात तिने अंगापासून दूर धरले होते. ती आमच्यापासून लांब, पायरीवर जाऊन बसली. दुपारी फळ्यावर नावं लागली. मी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. भाऊशेठांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ‘‘चाला, गाडी भेटन आता,’’ एवढंच म्हणाले.

अमरावती मागे पडली. बाहेर एकाच रंगाचं आभाळ, एकाच रंगाची माती. मेडशीला आता होकार जाणार हे तिघांनाही कळत होतं, आणि तो होकार आमच्या बाकावर चौथ्या माणसासारखा बसून होता. कारंज्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा भाऊशेठांनी घाईने दशम्यांचं फडकं सोडलं. ढगांमुळे सूर्य कुठे आहे ते दिसत नव्हतं. मावळायच्या आत जेवायचं तर आत्ताच.

‘‘खाय,’’ ते म्हणाले.

‘‘मले भूक नाई, बाबा.’’

‘‘काहून? सकाळपासून काही नाई खाल्लं तू.’’

विमल आपल्या तळहातांकडे बघत राहिली. भाऊशेठ दशमी द्यायला पुढे वाकले आणि थांबले. जन्मभर बाजारात बसलेला माणूस, तो वास त्यांनी अंधारातही ओळखला असता. सगळं माझ्यावर घ्यायचं मी ठरवलं होतं, शब्दही जुळवून ठेवले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या उचलला, तिला गाडीतून खाली उतरवलं आणि स्टँडच्या कडेला, जिथे ओली काळी माती होती, तिथे उकिडवं बसवलं. मीही मागोमाग उतरलो.

तिने माती घेतली आणि हात चोळू लागली. वडील घरून आणलेलं गाळलेलं पाणी तिच्या हातांवर ओतत राहिले. चोळता चोळताच, खाली मान घालून, ती बोलू लागली. तिच्यासमोर कांदाच आला होता. इतर मुलांनी एक पाकळी मोडून आतला पापुद्रा अलगद ओढून काढला. तिला कांदा कसा मोडतो हेच माहीत नव्हतं. तिने तो तेरड्याच्या देठासारखा आडवा धरला आणि पात्याने कापत गेली, पातळ, अगदी पातळ, मी शिकवलं होतं तसं. डोळे चुरचुरले म्हणून त्याच बोटांनी चोळले. त्यानंतर तिला काही दिसेना. तेवढ्यात परीक्षक आले. खेड्यातल्या मुली घाबरून रडतात हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं असणार. त्यांनी मायेने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘बाळ, इतकं भिऊन कसं चालेल? हे काम तुझ्याने व्हायचं नाही.’’

‘‘मी रडली नाई, सर,’’ विमल म्हणाली. ‘‘पाणी होतं ते नुसतं.’’

‘‘मग सांगायचं ना त्यांना!’’

‘‘काय सांगू? आमच्या घरी कांदा आणत नाई म्हणून? मंग ते म्हणले असते, कांद्याले भेते, तू माणसं काय कापशीन.’’ तिने आणखी माती घेतली. ‘‘येवढे जीव राहतात म्हणे त्यात, बाबा. मले तं एकबी नाई दिसला.’’

आता ती खरोखर रडत होती, आणि हात मातीने भरलेले असल्यामुळे तिला डोळे पुसता येत नव्हते. भाऊशेठांनी आपल्या उपरण्याच्या टोकाने ते पुसले. मग माझ्याकडे वळले. मी वाट पाहत होतो त्या रागाचा लवलेशही त्या चेहऱ्यावर नव्हता. तिथे एक असं नवल होतं, जे मी पुढे कुठल्याही माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही.

‘‘हात लावला तिनं, सर,’’ ते म्हणाले. ‘‘कांदा कापला माह्या पोरीनं. तरीबी नाई घेतलं?’’

आपण मुलांना टेबलापाशी नेऊन सोडतो. त्या टेबलापर्यंत येताना कुणी घरातलं काय काय ओलांडलं, हे तिथे मोजायची कुणाची रीत नाही.

कंडक्टरने घंटी दिली. तांब्यातलं पाणी संपलं होतं. विमलने ओले तळहात नाकाशी नेले आणि वडिलांकडे बघून म्हणाली, ‘‘गेला, बाबा.’’

‘‘गेला,’’ भाऊशेठ म्हणाले.

आम्ही गाडीत चढून बसलो. वास तसाच होता, वाशीमपर्यंत तो आमच्या बाकावर होता. भाऊशेठांनी खिडकीतून एकवार आभाळाकडे पाहिलं, आणि दशम्या न खाताच त्यांचं फडकं पुन्हा बांधून ठेवलं. दिवस मावळला होता.