एल्डननं न पाहिलेला झेल

रात्रभर उत्तरेचा वारा सुटला होता. सकाळी गुरांच्या हौदावर चार बोटं बर्फ धरला होता आणि एल्डन कोलार तो कुऱ्हाडीनं फोडत होता. वय सहासष्ट, उजवा खांदा वर जात नाही, त्यामुळे घाव कमरेतून घालायचा. मागं गाभण गाई खोळंबलेल्या.

तो खांदा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलनं खाल्ला. चेंडू पोटाशी आवळून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं, हे एल्डनचं काम. दोन-तीन यार्ड मिळवायचे, ढिगाखाली चेंगरायचं, उठून परत घुसायचं. त्याच्या नावावर एक लांब धाव नाही. पण सामना संपत आला की समोरच्यांनी त्याचा एवढा धसका घेतलेला असायचा, की हा हलला की सगळे याच्याच अंगावर. त्यांच्या मागचं मैदान ओस.

शेवटच्या सामन्यात कोचनं त्याचाच फायदा उठवला. चेंडू वाटून देणाऱ्या क्वार्टरबॅकनं तो एल्डनच्या पोटाशी नेला, आणि न देताच काढून घेतला. एल्डन रिकामे हात आवळून घुसला. चौघं त्याच्यावर कोसळले. त्यांच्या डोक्यावरून पास गेला आणि एल्डनच्या धाकट्या भावानं, व्हर्ननं, एकट्यानं मोकळ्यात तो झेलला. अख्ख्या गावानं पाहिलं. एल्डननं ढिगाखालून नुसता गलका ऐकला.

पुढं दर नाताळात व्हर्न तो झेल सांगायचा. दरवर्षी चेंडू थोडा आणखी उंच जायचा. गेल्या ऑक्टोबरात व्हर्न गेला.

हौदावरचा बर्फ फुटत होता तेवढ्यात व्हर्नची मुलगी मार्ला आली. गाडीतूनच ओरडली, "काका, कुऱ्हाड टाक! कॉलेजात त्या सामन्याचं रीळ सापडलं!"

एल्डननं हातमोजेसुद्धा काढले नाहीत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मार्लानं लॅपटॉप उघडला; रीळ त्यावर उतरवून आणलं होतं. बायकोनं, डार्लीननं, कॉफी ओतली, खसखशीचे कोलाचे, ते गोड पाव, पुढं सरकवले.

"बूट काढ आधी. शेण आणलंस घरात," ती नवऱ्याला म्हणाली.

"थांब गं. व्हर्न येतोय."

पडद्यावर, आवाजाविना, एल्डन घुसला. कॅमेरा त्याच्या मागं. चौघं पडले. कॅमेरा ढिगावरच. मग कडेला लोकांच्या टोप्या उडाल्या, आणि रीळ संपलं.

"बाबा कुठंयत?" मार्ला म्हणाली.

एल्डननं परत लावायला सांगितलं. परत तेच. ढीग, टोप्या.

डार्लीन हसत सुटली. "अरे, कॅमेरेवालापण फसला की! त्यालाही वाटलं, चेंडू तुझ्याचकडं."

एल्डन हसला नाही. "त्या एकदा तरी हात रिकामे आहेत हे दिसू द्यायला हवं होतं मी."

"मग बाबा मोकळे सुटले नसते," मार्ला म्हणाली. "काका, तूच सांग ना. ते सांगायचे तसं."

एल्डन उठला. व्हर्नसारखे पाय फाकून त्यानं दोन्ही हात वर न्यायचा प्रयत्न केला. डावा गेला. उजवा छातीशी अडला.

"याहून उंच होता," तो म्हणाला. "खूपच उंच."

बाहेर गाई हंबरत होत्या. फोडलेल्या पाण्यावर पुन्हा पापुद्रा धरला असणार. त्यानं एक कोलाचा खिशात टाकला आणि कुऱ्हाड शोधायला निघाला.