श्रीपतकाकांचं स्टिअरिंग

पोलादपूरच्या श्रीपतकाकांनी एकोणीस वर्षं आंबेनळी घाटातून एसटी चालवली. मग डाव्या डोळ्याची नजर गेली आणि त्यांना कार्यालयात बसवलं. त्यानंतर प्रवासी म्हणून घाट उतरतानाही वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. २००४ साली निवृत्त झाल्यावर ते महाडला आमोदच्या दुकानात कॉम्प्युटर जुळवून घ्यायला गेले.

"गाडीचा गेम चालला पाहिजे," ते म्हणाले. "स्टिअरिंगसकट."

"नातवासाठी का?"

"माझ्यासाठी रे."

आमोद यादी करू लागला. पैसे बेताचेच होते. चांगलं ग्राफिक्स कार्ड घेतलं, तर स्टिअरिंग तेवढ्या पैशांत बसत नव्हतं.

"काका, गाडी कीबोर्डवरही वळते. कार्ड नसेल, तर मात्र रस्ता अडखळत दिसेल."

तरी त्याने दुकानातल्या कॉम्प्युटरला स्टिअरिंग जोडून दिलं. काका ताठ बसले. पडद्यावर डोंगराचा उतार लागला. समोरून एक गाडी वर येताना दिसताच काकांनी ब्रेक दाबला आणि आपली गाडी कडेला घेतली. मागचे सगळे पुढे निघून गेले.

"अहो काका, शर्यत आहे ही! थांबलात काय?"

"चढणीच्या गाडीला आधी वाट द्यायची असते. एकदा थांबली तर परत उचलायची नाय ती."

ती गाडी निघून गेली. काकांचे हात स्टिअरिंगवरून निघाले नाहीत.

"कार्ड नको," ते म्हणाले. "हेच दे. रस्ता अडखळू दे, तो मला पाठ हाय."