सातवं कलम

मामांनी आयुष्यात एकच गोष्ट लिहून पूर्ण केली, आणि ती सव्वाचार पानांची होती. 'ओसरीच्या राखणदारांनी कसं वागावं' हे तिचं नाव. त्यात अकरा कलमं होती आणि लेखकाचं नाव कुठेही नव्हतं.

ओसरी म्हणजे इंटरनेटवरची गप्पा मारायची जागा. तिथे फोटो नाहीत, आवाज नाही, नुसती अक्षरं. आपल्याला आवडेल ते टोपणनाव घ्यायचं आणि हव्या त्या खोलीत जाऊन बसायचं. एक खोली कोडी सोडवणाऱ्यांची, एक घरातल्या मोडक्या वस्तू दुरुस्त करणाऱ्यांची, एक गोष्टी सांगणाऱ्यांची. चौदा वर्षांपूर्वी मामांनी आणि इंटरनेटवरच ओळख झालेल्या चौघांनी मिळून ती हौसेने सुरू केली होती. आता तिथे दोन हजार माणसं येत होती. सांभाळायला पाच राखणदार, सगळे बिनपगारी. राखणदाराकडे 'किल्ली' असायची. म्हणजे एक बटण, ज्याने कुणालाही गप्प करता यायचं किंवा बाहेर काढता यायचं.

सुरुवातीला नियम नव्हते. मग एका राखणदाराचं मेहुण्याशी घरच्या कारणावरून बिनसलं, आणि त्याने मेहुण्याला, मेहुण्याच्या आठ दोस्तांना आणि मध्ये पडलेल्या एका गरीब बिचाऱ्याला एकाच दुपारी बाहेर फेकलं. निम्मी ओसरी रिकामी झाली. तेव्हा मामा कागद-पेन घेऊन बसले. सात महिने लागले. त्यातले दोन एकट्या सातव्या कलमावर गेले. ते असं होतं: 'ज्या भांडणात राखणदाराचं आपलं माणूस असेल, त्यात त्याने किल्लीला हात लावू नये. प्रकरण दुसऱ्या राखणदाराकडे सोपवावं.'

एरवी मामा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचे. समोर काउंटरवर गिऱ्हाइकं, मागे पडद्याआड मामा आणि त्यांचं घासायचं यंत्र. काच फ्रेममध्ये केसभर सैल राहिली तर ते पुन्हा पहिल्यापासून नवी काच घ्यायचे. दुकानाचा मालक कुरकुरायचा, पण गिऱ्हाइकं त्यांच्याच हातचं मागायची. जेवणाच्या सुट्टीत मामा फोनवर ओसरी उघडून बसले की मालक हटकायचा.

"मामा, तिथे पगार किती देतात?"

"काही नाही."

"रजा?"

"नाही."

"वर शिव्या खायच्या?"

"रोज."

"अहो, मग लग्न केलं नाही म्हणून कशाला सांगता लोकांना? हे काय वेगळं आहे?"

मामा हसायचे. ते खरंच एकटे होते. मेहुणे वारल्यापासून धाकट्या बहिणीच्या घरी, जिन्यावरच्या खोलीत राहत होते. घरात बहीण आणि एकोणीस वर्षांची भाची.

भाची बोलताना अडखळायची. लहानपणापासून. शब्दाच्या तोंडाशीच अडायची आणि सुटायला वेळ लागायचा. दुकानात, बँकेत, कॉलेजच्या खिडकीवर, लोक तिचं वाक्य तिच्या हातातून काढून घेऊन स्वतःच पूर्ण करायचे, तेही बहुतेक चुकीचं. गोड बिस्किटं मागायला गेलेली मुलगी खारी घेऊन परत यायची, कारण दुकानदाराने 'खारी ना?' म्हटल्यावर नाही म्हणायला पुन्हा तेवढाच डोंगर चढायचा. मामा मात्र तिचं वाक्य कधी तोडायचे नाहीत. पाच मिनिटं लागोत, ते चेहरा जराही न बदलता थांबायचे.

तिला ओसरीवर मामांनीच नेलं. तिने नाव घेतलं गोगलगाय. आणि तिथे गोष्टींच्या खोलीत ती अशी सुटली की कुणाला दम घेऊ देईना. लिफ्टमध्ये अडकलेल्या सात माणसांची एक गोष्ट ती रोज संध्याकाळी थोडी थोडी सांगायची. त्यात एक दंतवैद्य होता आणि त्याला घाबरणारा त्याचाच पेशंट. माणसं साडेसहापासून येऊन बसायची. ती थांबली की खाली ओळीने 'पुढे?' 'पुढे?' असं पडायचं. जिन्याखालच्या खोलीतून तिची बोटं चालल्याचा आवाज यायचा आणि वर मामा तीच वाक्यं पडद्यावर उमटताना वाचायचे. त्या वर्षभरात बहिणीने दोनदा म्हटलं होतं, "दादा, पोरगी घरातसुद्धा जास्त बोलायला लागली रे."

मामांना अभिमान वाटला, आणि तिथेच घोटाळा झाला. राखणदारांची स्वतःची एक बंद खोली होती. तिथे एका संध्याकाळी त्यांनी लिहिलं, 'आमची गोगलगाय घरी एक वाक्य बोलायला दोन मिनिटं घेते. इथे बघा कशी पळते!' बाकीच्यांनी वा वा केलं. सगळ्यात मोठी 'वा' छत्रीची. छत्री म्हणजे पहिल्या दिवसापासूनचा साथीदार. चौदा वर्षांत एकदाही भेट नाही, पण एकमेकांची दुखणीखुपणी पाठ.

दोन महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, धुरळा नावाच्या एकाने गोष्टीच्या खाली लिहिलं: 'पु-पु-पु-पुढे?'

कुणाला कळलं नाही. दोघं-तिघं हसले, थट्टा समजून. मग त्याने लिहिलं, 'तोंडाने सांगायला लावा ना हिला, लिफ्ट गंजून जाईल तोवर.' आणि मग प्रत्येक ओळीखाली तेच, तुटकी तुटकी अक्षरं.

भाची जिना चढून वर आली. फोन हातात. "मामा," ती म्हणाली, आणि चौथ्या प्रयत्नात शब्द निघाला, "काढ त्याला."

मामांचा अंगठा बटणावरच होता. तो त्यांनी उचलला.

"मला नाही काढता येणार, बाळा. तू माझी भाची. सातवं कलम आहे. मी आत्ताच्या आत्ता टाचणीबाईंकडे देतो."

"कधी क-करतील त्या?"

"त्याची बाजू ऐकावी लागते. तीन दिवसांची मुदत असते."

"तोपर्यंत?"

तोपर्यंत काही नाही. निकाल लागेपर्यंत कुणालाही गप्प करायचं नाही, हे पाचवं कलम होतं, आणि तेही मामांनीच लिहिलं होतं. त्या गरीब बिचाऱ्याची आठवण ठेवून लिहिलं होतं, जो नुसता मध्ये पडला म्हणून बाहेर गेला होता.

टाचणीबाई त्या पाचांतल्याच एक राखणदार. एरवी दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा लिहून घ्यायच्या. अत्यंत शिस्तीच्या. त्यांनी दहा मिनिटांत धुरळ्याला सूचना पाठवली आणि वेळ टिपून ठेवली. मामांना बरं वाटलं. यंत्र चालतंय, आपण बनवलेलं.

पुढचे तीन दिवस ते यंत्र सोडून बाकी सगळं चाललं. धुरळ्याच्या जोडीला आणखी दोघं आले. थट्टा कोड्यांच्या खोलीत गेली, दुरुस्तीच्या खोलीत गेली. मामा रोज संध्याकाळी गोष्टींच्या खोलीत येऊन बसत होते. हजर असलेल्यांच्या यादीत सगळ्यात वर त्यांचं नाव, भिंग, शेजारी हिरवा ठिपका. त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. वजन पडू नये, आपल्या एका शब्दाने निकाल झुकू नये, म्हणून हात मांडीखाली दाबून बसायचे. खरोखरच बसायचे.

दुसऱ्या दिवशी भाचीने गोष्टीचा पुढचा तुकडा सांगायचा प्रयत्न केला. तिच्या नावापुढे 'लिहीत आहे' असं यायचं आणि जायचं. मामांनी मोजलं, आठ वेळा आलं आणि गेलं. रोज साडेसहाला येणाऱ्या एका भल्या बाईने विचारलं, 'खरं आहे का ग हे? तू सांगितलं नाहीस कधी.' थोड्या वेळाने यादीतून गोगलगाय नाहीशी झाली. जिन्याखाली दार लागल्याचा आवाज आला.

जेवताना ती ताटाकडे बघून जेवली आणि उठली. बहिणीने भांडी आवरता आवरता विचारलं, "दादा, रस्त्यात कुणी तिला असं चिडवलं असतं तर काय केलं असतंस?"

"तसं नाही ग हे."

"नाही, सांग ना. अर्ज मागवले असतेस?"

"माझ्याच माणसासाठी मी नियम मोडला, तर उद्या कुणाला काय तोंड दाखवू?"

"तिला दाखव आधी," बहीण म्हणाली, आणि नळ मोठा सोडला.

तीन दिवसांनी धुरळ्याचं उत्तर आलं. तो उद्धट होता, पण खोटारडा नव्हता. 'मी काही हेरगिरी केलेली नाही. मला छत्रीने सांगितलं.' छत्रीने लगेच कबूल केलं. कोड्यांच्या खोलीत गप्पांच्या ओघात बोलून गेलो, म्हणाला. मग मामांना वेगळा निरोप पाठवला: 'अरे, तूच तर इतक्या कौतुकाने सांगितलंस. मला काय माहीत लपवायचं होतं म्हणून? रागावलास?'

मामांनी तो निरोप पाच-सहा वेळा वाचला. त्यात एकही शब्द चुकीचा सापडला नाही.

टाचणीबाईंनी संध्याकाळी निकाल लावला. धुरळ्याला आठवडाभर गप्प केलं. राखणदारांच्या खोलीतलं बाहेर नेलं म्हणून नवव्या कलमाखाली छत्रीला ताकीद, पहिलीच चूक म्हणून एवढीच. दुसऱ्याची खासगी गोष्ट न विचारता राखणदारांच्या खोलीत सांगितली म्हणून भिंग यांनाही ताकीद, त्याच कलमाखाली. 'काका, वाईट वाटून घेऊ नका,' टाचणीबाईंनी खाली लिहिलं होतं, 'तुम्हीच शिकवलंत आम्हाला.' आणि अगदी शेवटची ओळ: 'या प्रकरणात सातव्या कलमाचं काटेकोर पालन केल्याबद्दल भिंग यांचं मनापासून कौतुक.'

ताकीद त्यांना लागली नाही. ती त्यांनी स्वतःलाही दिली असती. कौतुकाच्या ओळीवर मात्र त्यांचे डोळे पुढे सरकेनात. तिथल्या तिथे त्यांनी किल्ली परत केली. कारणाच्या रकान्यात काही लिहिलं नाही. कारण दिल्याशिवाय किल्ली परत घेऊ नये असंही एक कलम होतं, म्हणून पाच मिनिटांनी टाचणीबाईंनी विचारलं, आणि मामांनी 'घरगुती' असं लिहिलं.

मग ते जिना उतरून भाचीच्या दारात गेले. ती पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"मी सोडलं ते," मामा म्हणाले. "राखणदारी."

त्यांना वाटत होतं तिला थोडं बरं वाटेल. निदान ती वर बघेल. तिने वर बघितलं. मग फोन त्यांच्यासमोर धरला. त्यावर त्यांची सव्वाचार पानं उघडलेली होती. तिने सातव्या कलमावर बोट ठेवलं आणि बोलायला लागली. लिहून दाखवू शकली असती, पण बोलली. फार वेळ लागला. एकेका शब्दाला मान मागे जात होती, डोळे मिटत होते, ओठ बंद होऊन राहत होते. मामा नेहमीसारखे थांबले. पुढचा शब्द कुठला येणार हे त्यांना दोनदा आधी कळलं, तरी थांबले.

ती जे म्हणाली ते सलग लिहिलं तर एवढंच होतं: "किल्लीला हात लावू नये असं लिहिलंयस तू. तोंड उघडू नये असं कुठे लिहिलंय? मी काढ म्हटलं, ते चुकलं माझं. पण 'नको रे असं बोलूस' एवढं म्हणायला किल्ली लागते का, मामा? ते तर कुणीही म्हणू शकत होतं. तू तिथेच बसला होतास. तुझं नाव दिसत होतं मला."

मामांनी फोन हातात घेतला आणि स्वतःचं कलम वाचलं. दोन महिने घासून घासून बसवलेलं वाक्य. केसभरही सैल नव्हतं. त्यात गप्प बसायला कुणीच सांगितलं नव्हतं. तेवढं त्यांनी स्वतःच्या मनाने वाढवलं होतं.

"माझ्या लक्षात नाही आलं," ते म्हणाले.

तिने मान हलवली. रागाने नाही. दुकानदाराने चुकीची बिस्किटं पुढे केल्यावर हलवायची तशी, राहू दे म्हणून. "दार ल-लावून घे," ती म्हणाली.

काही दिवसांनी मामांनी टाचणीबाईंना एक ओळ पाठवली. सातव्या कलमाच्या शेवटी घालावी म्हणून: 'मात्र तोंडाने आपल्या माणसाची बाजू घेण्यास हरकत नाही.' टाचणीबाईंनी ती चर्चेला ठेवली. पाच आठवडे चर्चा चालली. 'बाजू घेणे' म्हणजे नेमकं काय, यावर अडली होती, असं मामांनी ऐकलं. पुढचं त्यांनी विचारलं नाही. धुरळा आठवड्याने परत आला आणि म्हणे आता बऱ्यापैकी वागतो. लिफ्टमधली सात माणसं अडकली होती तिथेच राहिली.

दुकानात मालकाने एकदा विचारलं, "काय मामा, हल्ली फोन नाही? घटस्फोट?" मामांनी यंत्र चालू केलं.

घरी भाची त्यांच्याशी वाईट वागत नव्हती. चहा वर आणून ठेवायची. काही विचारलं तर हो किंवा नाही म्हणायची. ते दोन शब्द तिला न अडखळता यायचे. मामा पूर्वीसारखेच थांबून राहायचे, पुढे काही येईल म्हणून. पुढे काही नसायचं.

हिवाळा सरताना, एका संध्याकाळी, जिन्याखालच्या खोलीतून पुन्हा बोटं चालल्याचा आवाज यायला लागला. आधी थांबत थांबत, मग भराभर. मध्येच ती एकटीच हसली. मामा पायरीवर उभे राहून ऐकत होते. बहीण वाळलेले कपडे घेऊन आत आली.

"लिहितेय?" त्यांनी हळूच विचारलं.

"महिना झाला. दुसरीकडे कुठेतरी. खूप माणसं येतात म्हणाली ऐकायला."

"कुठे ग?"

बहिणीने कपड्यांची घडी छातीशी धरली. क्षणभर तिला वाईट वाटलं असावं, कारण ती नेहमीच्या आवाजात बोलली नाही.

"तुला सांगू नको म्हणालीय, दादा."