बुकातला बैल

मी लहानपणी किती हुशार होते, हे ऐकायला नातवंडांना फार आवडतं. सुनेनं त्यांना सांगून ठेवलंय, की आजी त्या काळात इंग्रजी शिकली. शिकली म्हणे! इंग्रजी तिसरीत होते. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि मान सदा वर. त्या कार्टीला आज कुणी माझ्यासमोर उभं केलं, तर आधी एक ठेवून देईन आणि मग नाव विचारीन.

वडील सोलापुरात एका गिरणीत मोठे कारकून होते. गिरणीच्या गोऱ्या साहेबाची हिप्परग्याच्या तळ्यात एक लहानशी होडी होती. एक शीड, मागं सुकाणू. ती सांभाळायला एक म्हातारा कोळी ठेवलेला. तळ्याच्या काठावर त्याला एक खोली दिली होती, तिथं तो आणि त्याची म्हातारी राहत. सुकाणूचा दांडा काखेत धरून तो डुलक्या काढतोय असं वाटायचं, पण होडी बरोबर त्याच्या मनात असेल तिथं जायची.

पण आपल्याकडचा वारा! पडला की पडला. एकदा साहेब आणि मडम भर उन्हात तळ्याच्या मधोमध दोन तास भाजत बसली. मग साहेबानं मुंबईहून मोटर मागवली, होडीच्या मागं अडकवायची. आणि हुकूम केला: रविवारी पाहुणे येतील, त्यांच्यासमोर म्हाताऱ्यानं मोटरीवर होडी फिरवून धक्क्याला आणून लावली, तर तो राहील. नाही जमलं, तर मुंबईहून माणूस येईल आणि खोली त्याला मिळेल.

मोटर बंगल्यात कुलपात. म्हाताऱ्याच्या हाती आलं ते फक्त तिच्याबरोबरचं इंग्रजी पुस्तक. ते रुमालात बांधून तो आमच्याकडे आला. वडिलांना ते वाचता आलं नसतं असं नाही, पण त्यांना मिरवायचं होतं. "आमची मुलगी सांगेल की!" म्हणाले, आणि गेले आत.

मी खुर्चीवर, तो खाली पायरीवर. दोरी कशी गुंडाळायची, कशी हिसकायची, याची चित्रं होती. ते त्याला माझ्याआधी कळलं. मग त्यानं विचारलं, "अक्का, तेवढं एक सांगा. सुकाणूचा दांडा डावीकडं ढकलला की होडी उजवीकडं जाती. ह्या मशिनीचा दांडा तसाच उलटा चालतो, का सुलटा?"

पान समोर होतं. त्यातले तीन-चार शब्द माझ्या ओळखीचे, बाकीचे परके. 'मला कळत नाही' एवढं म्हणायला इंग्रजी लागत नव्हतं. पण ते मराठीतही मला आलं नाही.

बार्शीला मामाची बैलगाडी मी हाकली होती. ज्या बाजूला जायचं त्या बाजूचा कासरा ओढायचा. झालं. मी पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "सुलटा. बैलगाडीसारखं. जिकडं जायचं तिकडं ओढायचं."

"बैलावानी?"

"हो."

"बुकात बैल लिवलाय?"

"का? विलायतेत बैल नसतात?"

म्हातारा हसला, कानशिलावर हात मारून घेतला. "असतील की. आमाला काय ठावं!"

पुढचे तीन दिवस तो खाटेचा पाय धरून सराव करत होता. भाजी द्यायला आलेली त्याची म्हातारी आईला म्हणाली, "येड लागलंय त्येला. खाटेला बैल समजून हाकतंय!" मी आत बसून हे ऐकलं आणि खुदखुदले.

रविवारी पाहुणे खुर्च्यांवर, आम्ही मागं उभे. साहेब होडीत पुढं बसला. पहिल्याच हिसक्याला मोटर धडधडली, काठावरच्या म्हशी पाण्यातून उठून पळाल्या. होडी सरळ गेली, आणि पहिलं वळण तर लोण्यासारखं घेतलं. का, तर हात विसरला होता. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यानं दांडा उलटाच ढकलला होता. टाळ्या पडल्या. मग त्यानं काठावर माझ्याकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. आपण बुकाविरुद्ध वागलो, हे त्याच्या ध्यानात आलं असणार.

परत येताना डावीकडं बांधाची दगडी भिंत होती. उजवीकडं वळायचं. त्यानं दांडा उजवीकडं ओढला. होडीचं नाक डावीकडं गेलं. तो आणखी ओढू लागला, दोन्ही हातांनी, पाय रोवून, हट्टी बैलाला ओढावं तसा. होडी दगडावर फुटली. साहेब कमरेपर्यंत पाण्यात, टोपी तरंगत दूर. पाहुणे हसले. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं असेल? तीच, लाल रिबिनीवाली.

साहेबानं वडिलांमार्फत विचारलं, असं का केलंस? म्हातारा म्हणाला, "बुकात तसंच हाय की, रावसाहेब."

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं.

"मी असं सांगितलंच नाही," मी म्हणाले. "त्यांना समजलं नसेल."

किती स्वच्छ, शुद्ध वाक्य! शाळेत बक्षीस मिळालं असतं. साहेबानं खोली सोडायला दोन दिवस दिले.

दुसऱ्या दिवशी तो पुस्तक परत द्यायला आला. रस्त्यावर त्याची म्हातारी उभी, डोक्यावर जाळं आणि दोन भांडी. वडील घरी नव्हते. त्यानं रुमाल सोडला, पुस्तक माझ्यापुढं धरलं.

"अक्का, राग न्हाय. तेवढा बैल कुटं लिवलाय तो दावा. माजंच चुकलं आसंल, तर मनाला बरं वाटंल."

अजूनही वेळ गेली नव्हती. वडील संध्याकाळी येणार होते, साहेबाचा बंगला जवळच होता. मी पुस्तक उघडलं, मधलं एक पान काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हा इथं."

त्यानं वाकून पाहिलं. माझं बोट होतं तिथं आपलं बोट ठेवलं, हलकेच, ओल्या रंगाला लावावं तसं. "व्हय," म्हणाला. "हाय खरा. मग मीच आडाणी." बाहेर जाऊन बायकोला ओरडून सांगितलं, "हाय गं बुकात! म्या पाह्यला!"

ते पुस्तक बंगल्यावर कुणी मागितलं नाही, आमच्याच फडताळात राहिलं. पुढं मॅट्रिकच्या वर्षी मी ती ओळ वाचली. काम झाल्यावर मशीन कोरड्या फडक्यानं पुसून ठेवावं, एवढंच होतं तिथं.